न्यूयॉर्कमधलं "कला आणि राजकारण" सेंटर नक्की काय करतं? कुणी गेलंय का?

पंचगंगाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची. पेंटिंगमध्ये डिप्लोमा झालाय, सध्या दिवसा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते, म्हणजे वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, एकाच भाऊंचा फोटो तिन्हीकडे चालतो फक्त बॅकग्राउंड बदलायचं. रात्री स्वतःचं काम करते.

आता मूळ गोष्ट. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी होतं, ते ओसरल्यावर मदतीची पाकिटं आली आणि त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोचे स्टिकर. तांदूळ संपला की लोक पिशव्या टाकून द्यायचे, मी ते स्टिकर जमवायला लागले. चहाच्या पातेल्याच्या वाफेवर पिशवी धरायची, कडा सुटायला लागली की नखाने हळूहळू सोडवायचं, घाई केली की चेहरा नाकापासून फाटतो. दीडशेच्या आसपास जमले. शेवटच्या वर्षीच्या प्रदर्शनात मी ते गंजक्या पत्र्यावर एका ओळीत लावले, आमच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ जेवढ्या उंचीवर उमटली होती बरोबर तेवढ्याच उंचीवर. बाकी काही नाही, ना घोषणा ना नाव.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सर आले, बघितलं, म्हणाले पाहुणे येणारेत, आता काढायला वेळ नाही, झाका ते. शिपाईमामा हॉस्टेलवरून कुणाची तरी सोलापुरी चादर घेऊन आले आणि चार खिळे ठोकले. पाहुणे फिरत फिरत त्या चादरीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा, टेक्स्चर छान आहे." खरंच म्हणाले. मी शेजारीच उभी होते.

तर परवा एका मैत्रिणीने सांगितलं की न्यूयॉर्कला न्यू स्कूल म्हणून युनिव्हर्सिटी आहे आणि तिथे व्हेरा लिस्ट सेंटर फॉर आर्ट अँड पॉलिटिक्स असं खास कला आणि राजकारणाचं सेंटर आहे. माझे प्रश्न असे की तिथे ॲडमिशन कशी मिळते, काय शिकवतात, आणि खरंच काही होतं का नुसते सेमिनार आणि चहाबिस्कीट? बाबांचं म्हणणं राजकारण शिकायला अमेरिकेला कशाला जायचं, आपल्या तालमीच्या कट्ट्यावर बस की महिनाभर.

जर्सीकर

अगं पहिल्यांदा तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

मी हडसनच्या अलीकडे राहतो, ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटांत तिथे पोचतो आणि त्यांच्या बऱ्याच कार्यक्रमांना जाऊन बसलोय. मी कलावाला नाही, आयटीवाला आहे, पण बायको ग्राफिक डिझायनर आहे म्हणून सवय लागली.

सगळ्यात आधी गैरसमज काढून टाक, त्या सेंटरला ॲडमिशन नसते. ते डिपार्टमेंट नाही, डिग्री देत नाहीत. डिग्री हवी तर न्यू स्कूलच्याच पार्सन्स या डिझाइन कॉलेजला वगैरे अर्ज करावा लागेल आणि तिथली फी ऐकून माणूस खाली बसतो. सेंटरचं काम वेगळं आहे. ते एक विषय धरतात आणि साधारण दोन वर्षं त्यालाच चिकटून बसतात. त्यावर व्याख्यानं, प्रदर्शनं, वर्कशॉप, पुस्तकं, आणि त्या विषयावर काम करणाऱ्या कलाकारांना फेलोशिप. आधी एकदा विषय होता "लोकशाहीनंतर" अशा अर्थाचा, मग दोन वर्षं "प्रोटोकॉल", मग "करेक्शन", म्हणजे दुरुस्ती, त्या शब्दापुढे चांदणीचं चिन्हसुद्धा लावलेलं. ऐकायला हवेतलं वाटतं पण प्रोटोकॉल म्हणजे काय, तर पाहुणे येणारेत म्हणून झाका हाच की प्रोटोकॉल! तुझी चादर त्यात फिट्ट बसली असती.

कार्यक्रम बहुतेक सगळे फुकट आणि बऱ्याच गोष्टींची रेकॉर्डिंगं नेटवर आहेत, त्यासाठी व्हिसा लागत नाही. तिथून सुरुवात कर.

आणि या न्यू स्कूलचा जन्मच भांडणातून झालाय. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१७ मध्ये, युद्धाला विरोध करणाऱ्या दोन प्राध्यापकांना कोलंबिया युनिव्हर्सिटीने काढलं, त्याच्या निषेधात तिथलेच इतिहासकार चार्ल्स बिअर्ड राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि १९१९ मध्ये अशाच मंडळींनी मिळून ही संस्था काढली. त्यांच्यात तत्त्वज्ञ जॉन ड्युई होते. ड्युई म्हणजे तेच, बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियाला होते तेव्हा ज्यांच्या वर्गात बसायचे ते. १९५२ च्या जूनमध्ये ड्युई गेले आणि त्याच आठवड्यात बाबासाहेब मानद डॉक्टरेट घ्यायला न्यूयॉर्कमध्ये होते. हे मला इथे येऊन दहा वर्षं झाल्यावर कळलं, लाज वाटते सांगायला.

खवचट_नाना

सगळं छान आहे हो, पण मी थोडं मिठाचा खडा टाकतो, माझं कामच ते.

ही व्हेरा लिस्ट कोण? उद्योगपतीची बायको, कलेची मोठी संग्राहक आणि देणगीदार. तिच्या नावाचं सेंटर. हे सेंटर एक पुरस्कार देतं, त्याला आता दुसऱ्या एका गॅलरीवाल्या बाईंचं नाव. म्हणजे श्रीमंतांच्या पैशातून श्रीमंतांच्या शहरात बसून सत्तेवर टीका करायची. टीका तेवढीच होणार जेवढी खुर्चीला धक्का लावणार नाही.

दुसरं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच न्यू स्कूलमधल्या पार्टटाइम शिक्षकांनी संप केला होता, तीन आठवड्यांहून जास्त चालला. तिथे शिकवणारे बहुसंख्य लोक पार्टटाइम आहेत, आपल्या भाषेत तासिका तत्त्वावरचे. आपल्याकडचे सीएचबीवाले आणि त्यांचं दुखणं एकच. तेव्हा कला आणि राजकारण याचं सगळ्यात चांगलं लेक्चर त्या महिन्यात गेटच्या बाहेर फूटपाथवर चालू होतं, घरी रंगवलेले बोर्ड घेऊन.

आणि आपल्याकडे असलं सेंटर कधी नव्हतं, गरजही पडली नाही. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा कुणाची फेलोशिप होती? चाळीच्या पटांगणात कंदील टांगला, डफ तापवला, झालं. माझे वडील गिरणीत होते, ते सांगायचे की अमर शेखांचा आवाज माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. पोरी तू इथेच राहा, पत्रा घे आणि एसटी स्टँडवर लाव.

पंचगंगाकाठची

नाना एसटी स्टँडवर लावला तर संध्याकाळपर्यंत पत्राच भंगारात जाईल 😄 पण तुमचा पैशाचा मुद्दा मलाही टोचतो. मी स्वतः त्याच भाऊंचे फ्लेक्स करून पोट भरते ज्यांचे स्टिकर वाफेवर सोडवले, मग मी कुठल्या तोंडाने बोलू.

हायकोर्टवाली

मी वकील आहे, कलेतलं फार कळत नाही पण या सेंटरच्या आधीची एक केस मला पक्की माहितीये कारण आमच्या एका ग्रुपमध्ये अभिव्यक्तीवर अभ्यास चालू होता तेव्हा वाचली होती, आणि नानांच्या "खुर्चीला धक्का" मुद्द्याला ती लागू पडते म्हणून सांगते.

१९८९ मध्ये अमेरिकेत सरकारी पैशातून कुठल्या कलेला मदत करायची यावरून रणकंदन झालं होतं. मॅपलथॉर्प म्हणून फोटोग्राफर, त्याचं नग्न फोटोही असलेलं प्रदर्शन वॉशिंग्टनच्या एका म्युझियमने ऐनवेळी रद्द केलं, सिनेटमध्ये भाषणं झाली. मग तिथल्या राष्ट्रीय कला निधीने, म्हणजे एनईएने, अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाकडून लिहून घ्यायला सुरुवात केली की या पैशातून आम्ही अश्लील काही करणार नाही. आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेतात ना, तसंच समजा. बहुतेकांनी निमूट सही केली, पैसे हवे होते. काहींनी पैसे नाकारले.

न्यू स्कूलला तेव्हा ४५,००० डॉलर मंजूर झाले होते, आणि कशासाठी माहितीये? दोन इमारतींच्या मधलं अंगण नव्याने डिझाइन करायला. झाडं, फरशी, बसायला जागा. यात अश्लील काय होणार होतं देव जाणे. सही करून मोकळं होणं सगळ्यात सोपं होतं, पण त्यांनी सही केली नाही, १९९० मध्ये सरळ एनईएवर केस टाकली, की मुळात असं आधीच लिहून घेणंच अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीच्या, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. १९९१ मध्ये तडजोड झाली आणि ते हमीपत्र गेलं. ते अंगण पुढे झालं आणि त्याला नावही व्हेरा लिस्टचंच आहे. सेंटर सुरू झालं १९९२ मध्ये, म्हणजे हे सगळं गरम असतानाच.

आता माझं मत. अंगणासाठी भांडले हेच मला त्यात आवडतं. नग्न चित्रासाठी भांडायला शूर लोक मिळतात, अंगणासाठी हमीपत्रावर सही न करणं याला जरा जास्त डोकं लागतं. आणि तुलना करायची तर आपल्याकडे महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची पद्धत आजही आहे, आणि तिची मुळं १८७६ च्या इंग्रजांच्या नाट्यप्रयोग कायद्यात जातात. कीचकवध नाटक आलं १९०७ मध्ये, लोकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. इंग्रज गेले, मंडळ राहिलं. आमच्या नाट्यस्पर्धेत हौशी ग्रुपची पोरं सर्टिफिकेटसाठी धावपळ करतात तेव्हा कुणाला वाटतसुद्धा नाही की हा राजकीय प्रश्न आहे, ते "कागदपत्रं" या सदरात जातं.

खवचट_नाना

वकीलबाई, अंगणाचं मान्य. पण एकदा केस लढली म्हणजे संस्था कायमची शूर होत नाही.

जर्सीकर

नाना, कायमची होत नाही हे शंभर टक्के खरं आणि त्याचा पुरावा न्यू स्कूलच्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर आहे. हे मी मुद्दाम राखून ठेवलं होतं, पंचगंगाकाठची, नीट वाच कारण हे तुझ्यासाठीच आहे.

वेस्ट बाराव्या रस्त्यावर ६६ नंबरची त्यांची जुनी इमारत आहे. ती नवी बांधली तेव्हा, १९३०-३१ मध्ये, त्यांनी मेक्सिकोचा चित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को याला बोलावून वरच्या जेवणाच्या खोलीच्या भिंती रंगवून घेतल्या. खरं फ्रेस्को, ओल्या गिलाव्यावर. एका भिंतीवर टेबलाभोवती सगळ्या वर्णांची माणसं बसलेली. एका बाजूला पश्चिमेकडचा लढा, त्यात लेनिन आहे, स्टॅलिन आहे, मेक्सिकोचा एक मारला गेलेला पुढारी आहे. आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेकडचा लढा, त्यात बसलेत आपले गांधीजी, आणि त्यांच्याजवळ सरोजिनी नायडू! सरोजिनीबाई १९२८-२९ ला अमेरिकेत भाषणं देत फिरत होत्या आणि ओरोस्को ज्या मंडळींत ऊठबस करायचा तिथे त्यांचंही येणंजाणं होतं. मी पहिल्यांदा ती खोली बघितली तेव्हा मला गांधीजी पटकन ओळखू आले आणि बाईंना ओळखायला वेळ लागला, शेजारच्या मेक्सिकन माणसाने सांगितलं ही तुमच्याकडची कवयित्री ना.

तर पुढे काय झालं. १९५३. मॅकार्थीचा काळ, कम्युनिस्ट शोधमोहीम, जो तो घाबरलेला. हीच संस्था जिने १९३३ मध्ये हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या प्राध्यापकांना बोलावून त्यांच्यासाठी वेगळं विद्यापीठ उभं केलं होतं, तिने लेनिन-स्टॅलिनवाल्या भागावर पडदा टाकला. पिवळा पडदा. चित्र पुसलं नाही, फोडलं नाही, झाकलं. विद्यार्थ्यांनी बोंब मारली, तरी तो पडदा काही वर्षं तसाच होता. आणि गांधीजी उघडेच राहिले, त्यांची कुणाला भीती नव्हती.

मी त्या खोलीत बसून एक व्याख्यान ऐकलंय, आणि अर्धं लक्ष भिंतीकडेच होतं. मला वाटतं सेंटरचा खरा उपयोग इथे आहे. ते लोक या संस्थेच्या शूरपणाच्या जेवढ्या गोष्टी काढतात तेवढ्याच भित्रेपणाच्याही काढतात. स्टॅलिन बघितल्यावर आज माझ्या पोटात कसंतरीच होतं, तो काही सभ्य माणूस नव्हता. पण पडदा टाकायचा का नाही, कुणी ठरवायचं, आणि एकदा टाकल्यावर त्या पडद्याचं काय करायचं, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

बडोद्याची_सून

मध्येच बोलते, माफ करा. न्यूयॉर्क लांब आहे, अहमदाबाद एका रात्रीवर आहे.

या सेंटरचा दर दोन वर्षांनी दिला जाणारा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे, २०१२ पासून. पहिला शिकागोच्या थिएस्टर गेट्सला मिळाला, पडकी घरं दुरुस्त करून वस्तीसाठी उघडली म्हणून. आणि २०२०-२२ चा मिळाला अहमदाबादच्या अवनी सेठीला, कॉन्फ्लिक्टोरियमसाठी. म्हणजे भांडणाचं म्युझियम. मिरझापूरमध्ये आहे, एका पारशी बाईंच्या जुन्या घरात, बचूबेन नगरवाला, शहरातल्या पहिल्या ब्युटिशियन म्हणून त्यांचं नाव घेतात. २०१३ मध्ये सुरू झालं.

मी दोनदा गेलेय. पहिल्यांदा सासूबाईंना घेऊन गेले, त्यांना वाटलं म्युझियम म्हणजे तलवारी आणि नाणी असतील. आत एका खोलीत काचेच्या बरण्या आहेत, आपल्या लोणच्याच्या असतात तशाच, आणि त्यात लोकांनी आपल्या भांडणाच्या, दुःखाच्या आठवणी लिहून किंवा एखादी वस्तू म्हणून टाकल्यात. राज्यघटना ठेवलीये, हात लावून पानं उलटता येतात. आणि बाहेर झाड आहे, त्याला लोक माफीच्या चिठ्ठ्या बांधतात. सासूबाई बराच वेळ पेन हातात घेऊन उभ्या होत्या, मग काहीतरी लिहिलं, घडी घातली, आणि बांधायला मला दिलंच नाही, स्वतः टाचा उंचावून बांधलं. कुणाला लिहिलं हे आजवर विचारलं नाही मी.

तिथे सांगायचे की आजूबाजूच्या वस्तीतली माणसं येतात, नुसते कलावाले नाही. ते बघ आधी. तिकिटाला काही शे रुपये लागतील.

माळावरचा

मी शेतीवाला आहे, एरवी या विभागात येत नाही, पण याच पुरस्काराची अजून एक गोष्ट मला माहितीये आणि ती आमच्या कामाची आहे. २०१६ चा पुरस्कार मारिया तेरेझा आल्वेस म्हणून ब्राझीलच्या बाई आहेत त्यांना मिळाला. त्यांचं काम असं की पूर्वी जहाजं रिकामी येताना तोल राहावा म्हणून तळात माती-दगड भरायची आणि बंदरात पोचली की ती माती काठावर ओतायची. त्या मातीतून लांबलांबचं बी आलं. या बाई जुनी बंदरं शोधतात, माती उकरतात, त्यातलं बी रुजवतात आणि ती झाडं लावून दाखवतात. मार्सेय, ब्रिस्टल असं करत न्यूयॉर्कला २०१७ मध्ये केलं. त्यात गुलामांचा व्यापार आला, साम्राज्य आलं, सगळं आलं, आणि दिसायला काय तर कुंडीतलं तण!

आता बघा, आमच्या बांधावर गाजर गवत आहे, आमचे आजोबा त्याला काँग्रेस गवत म्हणायचे. पुण्यात १९५० च्या दशकात ते लोकांच्या लक्षात आलं, अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदतीच्या गव्हाबरोबर आलं असं बरेच जण मानतात. अंगाला लागलं की खाज, दम्याच्या माणसाला त्रास, जनावर तोंड लावत नाही. एका गवताच्या नावात दुष्काळ, परदेशी मदत आणि सत्तेतला पक्ष तिन्ही आले की. तुमच्या स्टिकरच्या पिशवीसारखंच आहे हे, मदत आली आणि बरोबर काय आलं. माझ्याकडे हवं तेवढं आहे, पोत्याने पाठवतो, खर्च पण घेणार नाही 😄

खवचट_नाना

माळावरचा भाऊ, काँग्रेस गवताचं काय झकास सांगितलंत. हे मला पटलं, बाकी सेंटरबद्दल माझं मत तेच आहे. एक भर घालतो, कलापथकाचे किती प्रयोग झाले, कोण कोण होतं, वग कसे बदलत गेले, याचं दप्तर नीट कुणी ठेवलं नाही. वडिलांकडे एक गाण्याची वही होती ती चाळ पाडली तेव्हा गेली. तिकडे निदान पडद्याचा रंगसुद्धा लिहून ठेवलाय.

पंचगंगाकाठची

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी काल रात्री हे तीनदा वाचलं आणि दुकानात आज दोन फ्लेक्सवर वाढदिवसाच्या माणसाच्या जागी श्रद्धांजलीवाल्याचा फोटो लावला, नशीब प्रिंटला जायच्या आधी मालकांनी बघितलं.

तर ठरलंय असं, ॲडमिशनचा विचार सध्या बंद, एवढं कर्ज मला झेपणार नाही. रेकॉर्डिंगं बघायला सुरुवात केलीये, इंग्रजी थोडं डोक्यावरून जातं पण थांबवून थांबवून बघते. दिवाळीनंतर अहमदाबादला जाणार, आई पण येते म्हणतीये, माफीच्या झाडाचं सांगितल्यापासून ती फारच उत्सुक झालीये आणि बाबा जरा गप्प झालेत.

आणि जर्सीकर दादा, पत्रा प्रदर्शनानंतर गंजून गेला, स्टिकर निम्मे उरलेत. पण ती चादर माझ्याकडेच आहे, ज्याची होती तो मुलगा परत मागायलाच आला नाही. हिरवी आहे, चार कोपऱ्यांना खिळ्यांची चार भोकं आणि भोकांभोवती गंजाचे डाग. मी ती आजपर्यंत धुतली नाही, का ते मला सांगता येत नव्हतं. आता वाटतंय की पुढच्या वेळी तीच टांगायची, मागे काहीच न ठेवता. फक्त आई म्हणते निदान एकदा उन्हात तरी टाक, वास मारतीये. उन्हाने गंजाचे डाग फिके पडतात का हो? कुणाला माहिती असेल तर सांगा.